काही विचारलं तर ‘आय’ दाबा

आमच्या हातमाग संस्थेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि पुढे त्याचं काय करायचं ते माझ्यावर सोडून सगळे चहाला गेले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. विणकरांना सूत वाटण्याचा प्रोग्राम मी लिहिला. तो नागपूरहून तालुक्याच्या केंद्रांवर फ्लॉप्यांतून जायचा. तिथल्या मशीनवर तो चढवायचं काम एक बॅच फाइल करायची, म्हणजे मशीनने एकामागून एक पाळायच्या आज्ञा. ती मात्र आमच्या साहेबांनी स्वतः लिहिली होती. कुठलासा कोर्स करून आल्यापासून ते कुणाचं ऐकेनासे झाले होते.

साहेबांची फाइल आधी जुना प्रोग्राम पुसायची, मग नवा चढवायची, आणि मध्ये काहीही झालेलं असो, शेवटी पडद्यावर ‘ऑल ओके’ लिहायची. मी म्हटलं, साहेब, प्रत्येक तुकडा चढला की तिथल्या तिथे ताडून पाहू. बिघडलेला असेल तर तिथेच थांबू. जुनं सगळ्यात शेवटी पुसू.

“मॅडम, एरर दिसली की लोक घाबरून फोन करतात. कशाले फालतूची झंझट? चूक पाहाची तं वरच्या लेव्हलवर पाहू ना आपण.”

वरची लेव्हल म्हणजे त्यांचं टेबल, आणि त्या टेबलावर पानाच्या डब्याशिवाय कशाकडे लक्ष जात नसे. फ्लॉपीतलं काही वाचता आलं नाही तर मशीन तेव्हा विचारायचं: थांबू, पुन्हा पाहू, की दुर्लक्ष करू? दुर्लक्षासाठी ‘आय’ हे अक्षर दाबायचं. साहेबांनी फ्लॉप्यांसोबतच्या सूचनांमध्ये लिहून टाकलं, काही विचारलं तर ‘आय’ दाबा. मी डोकं आपटलं आणि जेवायला गेले.

मे महिन्यात नवा प्रोग्राम उमरेडला गेला, नेहमीसारखा एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती. दोन दिवसांत उमरेडहून फोन आला की कोणत्याच विणकराचं नाव निघत नाही, वाटप बंद आहे. साहेबांनी फोनवरच निकाल लावला: ऑपरेटरची चूक.

ही ऑपरेटर हंगामी होती. माग चालवणाऱ्या घरातली मुलगी, भांडून टायपिंग शिकलेली. तिची मुदतवाढ त्याच महिन्यात व्हायची होती, आणि सही साहेबांची लागत होती. म्हणून मी स्वतःच गेले. गणेशपेठच्या स्टँडवरून बस निघाली तेव्हा खिडकीची दांडी हात लावू देत नव्हती.

केंद्राच्या दारात विणकर उभे होते. “काहून बंद आहे वं? माग रिकामा बसून राह्यला,” एक म्हातारा तिला विचारत होता. मला पाहताच ती उठली.

“मॅडम, मशीन घडी घडी विचारून राह्यली होती. मी दर वेळी आय दाबलं. शेवटी ऑल ओके आलं. मी कुठं चुकली, सांगा ना मले.”

“कुठंच नाही,” मी म्हटलं. “पाकीट कसं आलं होतं?”

“ड्रायव्हरनं बोनेटवर ठेवलं होतं. हातात घेतलं तं पोळून राह्यलं होतं.”

इंजिनाच्या झाकणावर, मे महिन्यात, नागपूर ते उमरेड! फ्लॉपी पापडासारखी वाकली होती. मशीनने बिचाऱ्याने दर ठेचेला विचारलं होतं, आणि तिने दर वेळी साहेबांचा हुकूम पाळला होता.

मी माझ्या पद्धतीची फाइल लिहिली, पर्समध्ये जपून नेलेल्या फ्लॉप्यांवरून प्रोग्राम चढवला, वाटप सुरू झालं. परत येऊन सविस्तर अहवाल दिला. साहेबांनी तो शांतपणे वाचला.

“टेक्निकल तुमचं बरोबर आहे हो. तुमचीच फाइल चालवू आता. पण एवढा बोभाटा झाला, कोणावर तरी जबाबदारी टाकावी लागते ना.”

मी अध्यक्षांकडे गेले. त्यांनी माझा अर्ज योग्य कार्यवाहीसाठी साहेबांकडेच पाठवला. मुदतवाढ झाली नाही. मला राग आला, खूप आला, पण तो राग घेऊन जायला इमारतीत आणखी वरचा मजलाच नव्हता.

तिच्या जागी एक तरुण आला. पुढच्या खेपेला पुन्हा एक फ्लॉपी खराब निघाली. माझी फाइल तिथल्या तिथे थांबली, जुना प्रोग्राम जागच्या जागी राहिला, आणि त्या पोराने फोन करून दुसरी फ्लॉपी मागवली. एकही माग थांबला नाही.

साहेब खूश झाले. पान जुळवत म्हणाले, “पाहा मॅडम, माणूस बदलला की काम कसं सुधरते.”