बँडच्या वेबसाइटवरचा नवरदेव

लोणावळ्यात मी वेबसाइट बनवतो, बहुतेक बंगलेवाल्यांच्या. वलवणपासून भुशीपर्यंत भाड्याने मिळणाऱ्या बऱ्याच बंगल्यांचा पोहण्याचा तलाव एकच आहे; म्हणजे फोटोतला. तो निळा आहे. प्रत्यक्षातले तलाव पावसाळ्यानंतर जो रंग धरतात, त्याला वेबसाइटवर जागा नसते. या धंद्यात काही वर्षे काढली की शोभेवरचा विश्वास उडतो. माझा मुळातच बेताचा होता.

म्हणून दिवाळीनंतर कुरवंड्याचे बँडमास्तर माझा जिना चढून आले तेव्हा मला बरे वाटले. बँडला निदान वाजवून दाखवता येते. मास्तर साठीचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. बँड त्यांच्या वडिलांपासूनचा. जयभीम करून ते बसले आणि अडचण थोडक्यात सांगितली. डीजे आल्यापासून सुपाऱ्या आटत चालल्या होत्या. यंदाही तसेच झाले तर क्लॅरिनेटवाला आणि ट्रम्पेटवाला डीजेच्या गाडीवर जाणार होते, आणि ते गेले की बँडमध्ये नुसता ढोल उरणार होता. अशात एका रिसॉर्टच्या मॅनेजरने त्यांच्याकडे वेबसाइटची लिंक मागितली होती. त्याच्याकडे थंडीभर लग्ने होती. लिंक शुक्रवारपर्यंत हवी होती.

"वाजवता कसं, ते त्यानं इचारलंच न्हाई," मास्तर म्हणाले.

मी त्यांना समजावले की बँडच्या वेबसाइटला फार काही लागत नाही. उघडल्याबरोबर बँड दिसावा, बोट लावले की ऐकू यावा, आणि फोन नंबर हुडकावा लागू नये. बाकी सगळा शृंगार. मास्तरांनी मनापासून मान डोलावली आणि पिशवीतून फोटोंचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

गठ्ठ्यात सरपंच होते, उपसरपंच होते, दोन माजी सरपंच होते, सोसायटीचे चेअरमन, पोलीस पाटील आणि नावाआधी 'भावी' लावणारे एक सदस्य होते. एकूण सव्वीस तोंडे. बँडचा फोटो एक, आणि त्यात मास्तर ढोलामागे झाकलेले.

आमच्याकडे वाढदिवसापासून दशक्रियेपर्यंत सगळ्याची सुरुवात फ्लेक्सने होते, आणि फ्लेक्सवर कोणाचे तोंड कुठे, केवढे, हे ठरलेले असते. मास्तरांच्या लेखी वेबसाइट म्हणजे वाऱ्याने न फाटणारा फ्लेक्स. मी विरोध करून पाहिला. सरपंचांना तुतारी वाजवता येते का, असेही विचारले. मास्तर रागावले नाहीत. "सरावाला शाळेची खोली त्येंनीच दिलीया," ते म्हणाले. "त्येंचं तोंड वर न्हाई दिसलं, तर आमाला खोलीचं कुलूप दिसंल."

मी मास्तरांच्या मनासारखी वेबसाइट करून दिली. मोबाइलवर ती उघडली की अंगठा दुखेपर्यंत मान्यवर सरकवायचे, मग बँड. बुधवारी लिंक गेली आणि तासाभरात मॅनेजरचे उत्तर आले. हे पॅनेल कोणत्या निवडणुकीचे आहे आणि बँडची लिंक पाठवायची राहिली का, असे त्याने विचारले होते. अगदी सभ्यपणे, त्यामुळे जास्त लागले. मास्तरांनी ते दोनदा वाचले आणि चष्मा पुसत बसले. क्लॅरिनेटवाल्याने डीजेवाल्याला शनिवारी कळवतो असे सांगून ठेवले होते.

गुरुवारी सकाळी मी कुरवंड्याला गेलो. म्हटले, तोंडांचे नंतर पाहू, आधी आवाज तरी धरू. मास्तरांची मुलगी नर्स आहे, ती रजेवर होती. व्हिडिओ ती काढणार होती. शाळेच्या खोलीत, पोरांच्या बाकांवर, लाल कोट आणि सोनेरी झुपके लावून चौदा माणसे गुडघे आवळून बसली आणि वाजवू लागली. लग्नाचेच गाणे होते, पण शोकसभेला शोभले असते. मुलीने मोबाइल खाली केला. मास्तर म्हणाले की त्यांच्या बँडने जन्मात कधी बसून वाजवलेले नाही.

मग आम्ही रस्त्यावर आलो. तिथे उलटेच झाले. वीसेक पावलांत पुढचे ट्रम्पेट झपाझप निघून गेले आणि ढोल पाण्याच्या टाकीपाशी एकटा राहिला. मास्तरांनी हात वर केला. वरातीत ते अर्धे मागे वळून चालतात, नजर नवरदेवावर. नवरदेव थांबला की बँड थांबतो, तो रेंगाळला की बँड तेच कडवे पुन्हा घेतो. "मागं नवरदेव नसला की बँड पळतो," ते म्हणाले. "नवरदेव लागंल."

लग्नाच्या मुलांनी साफ नकार दिला; गावभर बोभाटा होऊन ठरत आलेले मोडले तर काय घ्या. लग्न झालेल्यांनी घराकडे बघून नकार दिला. राहिलो मी, परगावचा, पन्नाशीचा, पिकल्या दाढीचा. मी नाही म्हणायच्या आत कोणीतरी फेटा बांधायला घेतला. आयुष्यभर ज्या थाटाला नावे ठेवली, तो डोक्यावर दीड किलोचा असतो हे मला तेव्हा कळले.

आम्ही निघालो. मी सावकाश चाललो, कारण फेटा घसरत होता. म्हणून बँडही सावकाश चालला आणि पहिल्यांदाच एकत्र वाजला. बाया दारात आल्या. एका ओट्यावरून एक म्हाताऱ्या मावशी उठल्या आणि कुणाचं लगीन म्हणून विचारू लागल्या. त्यांनी मला खालून वर न्याहाळले.

"लय उशीर केलास, बाबा," त्या म्हणाल्या. "पर केलंस ते बरं केलंस."

आत जाऊन त्यांनी मूठभर तांदूळ आणले आणि माझ्यावर टाकले. क्लॅरिनेटवाल्याने ते पाहिले. आतापर्यंत तो कॅमेऱ्यासाठी वाजवत होता. तांदूळ पडल्यावर त्याने डोळे मिटले आणि असा काही सूर लावला की मास्तर मला विसरून त्याच्याकडेच बघत राहिले. माझी मान ताठ झाली होती. फेट्यामुळे असेल.

संध्याकाळी तोंडांचा प्रश्न होताच. मास्तरांच्या मुलीने सर्वांत वर तोच व्हिडिओ ठेवायला सांगितला, त्याच्याखाली फोन नंबर, आणि मान्यवर पार तळाशी. मास्तर ते दाखवायला स्वतः सरपंचांकडे गेले. मी सोबत होतो. सरपंचांनी वरपासून पाहिले आणि पहिले तोंड माझे का, एवढेच विचारले.

"नवरदेव हाय," मास्तर म्हणाले. "त्येच्या वर कुणाला लावायचं, तुमीच सांगा."

सरपंच विचारात पडले. लग्नात नवरदेव आला की खुर्ची त्यांनाही सोडावी लागते. शेवटी त्यांनी मोबाइल परत दिला आणि राहू द्या म्हणाले.

रात्रीच मॅनेजरला लिंक पुन्हा गेली. शुक्रवारी दुपारी त्याने मास्तरांना फोन केला. डिसेंबरची तीन लग्ने दिली, पुढची नंतर बोलू म्हणाला, आणि तो म्हातारा नवरदेव बँडसोबतच येतो का, याची चौकशी केली. क्लॅरिनेटवाल्याने डीजेवाल्याला येत नाही म्हणून कळवले.

सीझन संपल्यावर मी मास्तरांना म्हणालो की आता खऱ्या लग्नांचे व्हिडिओ आहेत, माझा काढू या. बंगलेवाले बाजारात माझे अभिनंदन करतात आणि बायकोला ते फारसे गमतीचे वाटत नाही. मास्तरांनी ऐकून घेतले.

"काढू की," ते म्हणाले. "पर मग वर सरपंच येत्यात."

व्हिडिओ अजून तिथेच आहे.