सुकटीच्या वासाची बेटं

घरून आलेला सुकटीचा डबा इथे मस्कतला उघडला आणि ती कादंबरी आठवली. नववीत शाळा सोडली तेव्हा घोडपदेवच्या चाळीत शेजारच्या सुनंदाताईने मला ती दिली होती. तिच्या फडताळात राहून पानापानाला हाच वास लागलेला. आत सात बेटं, प्रत्येकाचे देव वेगळे, शिव्यासुद्धा वेगळ्या. सुरुवातीलाच नकाशा. कोणी हसेल या धास्तीने मी गॅलरीत पुस्तक अर्धं मिटून वाचत होते.

चाळ पाडून टॉवर बांधायच्या मागे लागलेले चाळ कमिटीचे तात्या नकाशात डोकावलेच. "कुठल्या बिल्डरचा गं प्लॅन? आपला टॉवर कुठे?"

"तात्या, गोष्टीतली बेटं आहेत. खोटी."

"खोटं वाचायला शाळा सोडलीस काय?" असं म्हणून तात्या बिल्डरचं गुळगुळीत चित्र घेऊन बायकांना स्विमिंग पूल दाखवायला गेले. मी पुस्तक ओढणीखाली लपवलं.

जाड पुस्तक उघडताना अजूनही आधी आजूबाजूला बघते. पण तात्यांचा आता राग येत नाही, नुसतं हसू येतं. त्यांच्या खऱ्या टॉवरची अजून एक वीट रचलेली नाही. आणि सुनंदाताई, तुझ्या खोट्या बेटांवर मी इतकी वर्षं राहतेय.