गणिताचा जादा पेपर

खाणीत सुरुंग उडाला आणि वर्गाच्या काचा थरथरल्या. गणिताचे सर फळ्यावर लिहिता लिहिता थांबले. वळून थेट माझ्याकडे बघितलं.

"आपल्या घरून निरोप आला वाटतं."

वर्ग हसला. आधी पुढचे बाक. मग सगळे.

आदल्याच तासाला त्यांनी विचारलं होतं, राहता कुठे. मी खरं सांगितलं होतं. कॉलेजच्या मागे, खाणीवर. बाप दगडात भोकं पाडतो, सुरुंगासाठी. आई खडी भरते. आम्ही वडार. वाघोलीत कॉलेजं आली त्याच्या आधीपासून आम्ही तिथे आहोत. कॉलेजच्या भिंतींत आमच्याच हातची खडी आहे. पण हे मी त्या वर्गात बोलले नाही. मान खाली घालून बसले.

डिप्लोमा करून मी थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आले होते. असं येणाऱ्यांना गणिताचा एक जादा पेपर द्यावा लागायचा. त्याची क्रेडिट मिळाली नाहीत तर पुढचं वर्ष नाही. पेपर सरांचाच.

एकदा उत्तर देताना मी 'इक्वेशन'ऐवजी 'समीकरण' म्हणाले. दहावीपर्यंत मराठी शाळा, तोंडात तेच बसलेलं. सर म्हणाले, "वा. आपल्याकडे घाव घातला की उत्तर बाहेर पडत असेल. इथे पायऱ्या लिहाव्या लागतात."

कधी अगंतुगं केलं नाही त्यांनी. 'आपण' म्हणायचे आणि सोलून काढायचे.

सायली माझ्या बाकावर बसायची. तीही डिप्लोमावरून आलेली. तिच्या फ्लॅटवर पोरी अभ्यासाला जमायच्या, सुरुवातीला मीही जायचे. एक दिवस तिने सांगितलं, "अगं, आजचं कॅन्सल झालंय." संध्याकाळी त्या सगळ्या कॅन्टीनमध्ये कागद पसरून बसलेल्या दिसल्या. सायलीने मोबाईलमध्ये डोकं घातलं. मी बाटलीत पाणी भरलं आणि निघाले. तिथून पुढे एकटीच.

लायब्ररीत कोपऱ्यातलं टेबल धरलं. समोरची खुर्ची रिकामी. एखादं डिफरन्शियल इक्वेशन अडलं की दुपारभर तेच. विचारायचं कुणाला? सरांना? पुस्तकातलं उत्तर बघायचे, उलटं मागे यायचे, पुन्हा अडायचे. कधी अचानक सुटायचं. अंगावर काटा यायचा. मान वर करून बघायचे तर सांगायला कुणी नाही. न सुटलेलं गणित एकटीला सोसवतं. सुटलेलं सोसवत नाही.

घरी आई विचारायची, "काय लिवतीस गं येवढं?"

"गणित."

"आजून किती ऱ्हायलंय?"

"थोडं."

तिला काय सांगणार. ती हाताच्या भेगांना तेल लावत जवळ बसायची. तिची माया कळायची, पण त्या पानावर मी एकटीच असायचे.

पेपर चांगला गेला. निकालात मात्र माझ्या नावापुढे मार्कांऐवजी 'राखीव' असा शेरा, म्हणजे निकाल रोखून धरलेला. सरांनी केबिनमध्ये बोलावलं. बाजूला दुसरे एक सर चहा पीत बसलेले. टेबलावर माझी उत्तरपत्रिका.

"हे आपणच लिहिलंय?"

"हो."

"छान. वर्गात दुसऱ्या नंबरचे मार्क आहेत. आम्हाला जरा आश्चर्य वाटलं, इतकंच." त्यांनी भिंतीवरच्या छोट्या फळ्याकडे बोट दाखवलं. "या पेपरातलं एक तिथे सोडवून दाखवा. म्हणजे आमचीही खात्री होईल."

मी खडू घेतला. सवयीने पहिली ओळ लिहिली. दुसरी लिहिली. पुढची डोळ्यासमोर स्वच्छ दिसत होती. चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला आणि माझा हात थांबला. ही परीक्षा नव्हती. परीक्षा मी दिली होती. ही झडती होती.

"बाकीच्यांना कधी बोलावलंय, सर?"

"कुणाला?"

"पहिल्या नंबरला. तिसऱ्या नंबरला."

"त्यांची गरज नाही."

"मग माझीही नाही."

"येत असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. की येत नाही?"

"येतंय. म्हणूनच सोडवणार नाही."

खडू खाली ठेवला. वळले आणि दारापर्यंत चालले. बाहेर आल्यावर जिन्यात बसून राहिले.

त्याच आठवड्यात मी प्राचार्यांकडे सरांविरुद्ध लेखी तक्रार दिली. सायली भेटली तेव्हा म्हणाली, "करून टाकायचं ना गं, कशाला वाढवायचं?" बाप म्हणाला, "यीत व्हतं तर दाकवायचं की, पोरी." सरांच्या टोमण्यांनी आलं नव्हतं इतकं पाणी तेव्हा डोळ्यात आलं. सरांचं मन मला माहीत होतं. बापाच्या मनात साहेबांची ही भीती कुणी घातली?

निकाल पुढचं सेमिस्टर संपेपर्यंत अडकून राहिला. इंटर्नशिपसाठी कंपन्या मुलाखतींना आल्या आणि गेल्या. ज्यांचा निकाल राखीव, त्यांना दारातून परत. मग एक दिवस नोटीस बोर्डावर माझे मार्क लागले. तेच मार्क. एका शब्दाचा खुलासा नाही.

विभागप्रमुख मॅडमनी बोलावून समजावलं. "क्रेडिट मिळाली ना तुला? आता तक्रार मागे घे. सरांची रिटायरमेंट जवळ आलीये."

"मला उत्तर हवंय, मॅडम."

"कसलं?"

"माझ्याशिवाय आणखी कुणाला फळ्यापाशी उभं केलं होतं? लेखी हवंय."

त्यांनी फाईल मिटली. म्हणाल्या, "एकटी पडशील."

मी म्हणाले, "पडलेलीच आहे."

उत्तर अजून आलेलं नाही. मी तक्रार मागे घेतलेली नाही. घेणार नाही. पदवी हातात पडली तरी विचारेन, कॉलेज सोडलं तरी विचारेन. पास होण्यासाठी लागेल तेवढा अभ्यास करेन. पण माझं डोकं माझंच आहे, हे कुणालाही सिद्ध करून दाखवणार नाही.