एवाल्डचा लाल तुरा

एवाल्ड पिएखा तीस वर्षं आमच्या खाणीत कोळसा खणत होता आणि जवळपास तेवढीच वर्षं खाणीच्या बँडमध्ये ट्यूबा, ते सगळ्यात खालच्या सुराचं भलंमोठं पितळी वाद्य, वाजवत होता. दोन्ही कामं एकाच छातीनं केली. शेवटी धुळीनं ती छाती खाल्ली. डॉक्टर म्हणाले, आता फुंकर मारायची ती फक्त गरम सूपावर.

दुसरा कुणी असता तर कबुतरं पाळत बसला असता. आमच्या सायलेशियाच्या खाणपट्ट्यात निवृत्त माणसं दुसरं करतात काय? एवाल्डनं ट्यूबा विकला आणि एक जुना सिंथेसायझर घरी आणला. लाकडी कडांचा, धोंड्यासारखा जड, वर खुंट्याच खुंट्या. एका वेळी एकच सूर निघायचा, पण ट्यूबातून तरी कुठे दोन निघतात? एखादी खुंटी हलली की लावलेला आवाज गेलाच. म्हणून प्रत्येक खुंटीची जागा त्यानं बायकोच्या नेलपॉलिशनं रंगवून ठेवली होती. "माझ्या नखांकडे कधी एवढं निरखून पाहिलं नाहीस," त्रूदा म्हणायची.

आमचा बँडमास्तर रुफिन आडमुठा. "या डब्याला श्वास नाही. श्वास नाही त्याला माझ्या बँडमध्ये खुर्ची नाही."

"मग मलाही नाही, मास्तर," एवाल्ड म्हणायचा आणि खोकायचा.

तरी तालमीत मास्तरानं त्याला बसू दिलं. ट्यूबाची खालची बाजू तो त्या डब्यावर अशी वाजवायचा की माझ्या ट्रम्पेटला पायाखाली जमीन मिळायची. पण मागच्या वर्षी, खाणकामगारांच्या संत बार्बरेच्या सणाला, ऐन डिसेंबरात, भर सभागृहात सगळा विचका झाला. एवाल्डचा सूर एकीकडे, आमचा दुसरीकडे. लोक तोंडावर हात ठेवून हसले. मास्तरानं त्याच्या टोपीचा लाल तुरा स्वतःच्या हातानं उपटून त्याच्या हातात दिला. आमच्याकडे लाल तुरा वाजवणाऱ्यांचा, काळा बाकीच्या खाणकामगारांचा. "पुढच्या वर्षी एकदा बघीन," मास्तर म्हणाला. "तेव्हाही असंच झालं, तर परत विचारू नकोस."

वर्षभर एवाल्डनं डोकं खपवलं. असल्या डब्यांचा सूर थंडीत उतरतो आणि ते तापले की चढत चढत जागेवर येतो. तेव्हा मागच्या वर्षी तासभर चालू ठेवूनही यंत्र नीट तापलं नव्हतं, हा त्याचा निष्कर्ष. म्हणून या वर्षी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला जाण्याआधी त्यानं सभागृहात यंत्र मांडलं, सुरू केलं आणि तसंच तापत ठेवलं. डोक्यावर काळा तुरा, खिशात लाल.

आम्ही पहाटेपासून रस्त्यारस्त्यानं वाजवत लोकांना उठवत होतो. मिस्सा संपल्यावर चर्चपासून पुन्हा मिरवणूक. अशी थंडी की ओठ पितळेला चिकटत होते. एवाल्ड त्रूदाबरोबर गाडीनं आला, आमच्या जेमतेम दोन पावलं आधी. आम्ही सभागृहात शिरलो तेव्हा तो यंत्रापाशी उभा होता आणि चेहरा पांढराफटक.

"ब्रिगीदा, बंद आहे," तो मला म्हणाला. "कुणीतरी बंद केलंय. गार दगड झालाय."

पहिल्या रांगेतून तेओफिल उठला. ठिणगीनं स्फोट होऊ नये म्हणून जन्मभर खाणीत वायू मोजत फिरलेला माणूस. "मी केलं. मिस्सेला निघताना पाहिलं, दिवा चालू आणि जवळ चिटपाखरू नाही. माणूस नसताना वीज चालू? खाली खाणीत असतास तर तुझा पगार कापला असता!"

"इथे कुठला वायू आहे रे, शहाण्या?"

"वायू सांगून येतो का?"

मी तेओफिलच्या अंगावर धावूनच जाणार होते, पण मास्तर मंचावर चढला होता. सगळं गाव उभं राहिलं होतं. एवाल्डनं बटण दाबलं.

"तयार आहेस?" मास्तरानं विचारलं.

नाही म्हणायला तोंड उघडलं असतं, तर तिथेच संपलं असतं. एवाल्ड माझ्याकडे वळला. "एक सूर दे."

मी फुंकलं. ट्रम्पेट बर्फ झाली होती, सूर पार उतरलेला, माझी मलाच लाज वाटली. एवाल्डनं पट्टी दाबली, आणि माझ्या अंगावर काटा आला. त्याचाही सूर तेवढाच उतरलेला होता. जेमतेम केसाएवढा फरक. तो त्यानं खुंटीनं मिटवला.

मास्तराची काठी खाली आली. खाणकामगारांचं गीत सुरू झालं. पहिलं कडवं मी जीव मुठीत धरून वाजवलं. सभागृह माणसांनी भरलेलं, शेगड्या पेटलेल्या, आमचं पितळ तापू लागलं आणि सूर चढू लागला. आता फाटणार, आता फाटणार, म्हणून मी कान टवकारले. फाटलं नाही. डबाही तापत होता. दोन्ही सूर बरोबरच चढत होते, एका जिन्यानं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागच्या वर्षी यंत्र बरोबरच होतं. तापलेलं, जागेवर आलेलं. उतरलो होतो ते आम्ही, रस्त्यावर गारठून. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती. आणि आज तेओफिलनं हात घातला नसता, तर तेच पुन्हा झालं असतं.

गीत संपलं. कुणी हसलं नाही. तेओफिल बाहीनं डोळे पुसत होता. मास्तर काठी खाली ठेवून यंत्रापाशी आला.

"दर दोन ओळींनी हात उचलत होतास," तो म्हणाला. "का? या डब्याला दम लागत नाही."

"ट्यूबा असता तर तिथे श्वास घेतला असता," एवाल्ड म्हणाला. "तुम्ही सगळेही तिथेच घेता. मी एकटाच कसा पुढे जाऊ?"

मास्तर हात पुढे करून म्हणाला, "टोपी दे. आणि तो लाल कुठंय? आणला असशीलच."