सुगंधा सांगून निघायची

दोन वाजले म्हणून सुगंधा कधी वार्डातून निघाली नाही. ड्युटी दोनलाच सुटायची. बाकीच्या मावश्या त्याच्या आधीच पिशवी काखेत मारून गेटावर यायच्या. ही मात्र पुढच्या पाळीची मावशी येईपर्यंत आतच. ती आली की तिला पाणीसुद्धा पिऊ द्यायची नाही. हाताला धरून पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत फिरवायची आणि एकेक सांगायची.

"ह्या आजींना सकाळपासून लघवी नाय झाली, सिस्टरला सांगितलंय, तू परत विचार. हिचा मुलगा पाचाडवरनं येतोय, वॉचमन अडवील, त्याला आत घे. ही रात्रभर जागी होती, आत्ता डोळा लागलाय, बादली आपटू नको."

सगळं सांगून झालं की हात झटकायची आणि म्हणायची, "सांगून टाकलं. आता माझा हात मोकळा."

सुगंधा माझी बायको. महाडात एका खाजगी दवाखान्यात बायकांच्या वार्डात ती मावशी होती. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, लिहून ती परत येणार नाही. आम्ही दासगावच्या वस्तीतले. मी महाड-दासगाव मिनिडोअर चालवायचो. दोनच्या फेरीला गाडी दवाखान्याच्या गेटाशी लावून तिची वाट बघायचो. मागं पॅसेंजर बोंबलायचे.

"अवो डायवर, गाडी हाकताय का लग्न लावताय? नवरी कवा यायची?"

मी त्यांच्यावर ओरडायचो आणि ती आली की तिच्यावर. ती गाडीत बसून घाम पुसायची. म्हणायची, "भांडायचं तर पॅसेंजर उतरल्यावर भांडा. त्यांनी काय केलंय?"

हे तिचं नेहमीचंच. वार्डातही ती आजाऱ्यासमोर कुणाशी भांडली नाही. एखादीनं तिच्या वाट्याची लादी पुसायची ठेवली तर तिला बाहेर जिन्याखाली नेऊन सांगायची. तिथं मात्र सोडायची नाही. पण वार्डात परत आली की तोंडावर त्याचं काही नाही. त्या भांडणातली बाईसुद्धा तिला दुसऱ्या दिवशी डब्यातली भाजी द्यायची. मला हे कधी जमलं नाही. कंपनीत लागलो, मुकादमाशी वाजलं, सोडलं. गॅरेजात राहिलो, शेठशी वाजलं, सोडलं. शेवटी आपली गाडी घेतली, कारण गाडी उलट बोलत नाही.

तिला काही काम सांगितलं की ती ते परत म्हणून दाखवायची. सिस्टर म्हणाली, "मावशी, चार नंबरला उपाशी ठेवा, संध्याकाळी ऑपरेशन आहे," की ही म्हणणार, "चार नंबर, उपाशी, पाणी पण नाय ना?" मग सिस्टरला आठवायचं की पाण्याचं सांगायचं राहिलंच होतं. घरातही तेच. मी म्हटलं, येताना सुकी मासळी आण, तर म्हणायची, "सुकी मासळी. बोंबील का जवळा?" मी वैतागायचो. "अगो, मी काय डॉक्टर हाय?" ती हसायची. "डॉक्टरला चुकलेलं चालेल, तुम्हाला जवळा आणला तर घर डोक्यावर घ्याल."

चुकली तर लपवायची नाही. एकदा कुणाची तरी लघवीची बाटली तपासायला द्यायची तिच्याकडून राहिली. कुणाला कळलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी दिली असती तरी चाललं असतं. ही सरळ मोठ्या सिस्टरपुढं जाऊन उभी राहिली. "सिस्टर, माझ्याकडून ऱ्हायलं. काय ओरडायचं ते ओरडून घ्या, मग पुढच्या कामाला लागू." सिस्टर म्हणे ओरडायच्याऐवजी हसायलाच लागली. नव्या पोरी तर तिच्याबरोबर पाळी लागावी म्हणून विनवण्या करायच्या. डॉक्टर म्हणायचे, "सुगंधामावशी असल्या की मला टेन्शन नाही."

त्यांना टेन्शन नव्हतं हे खरं. ते सगळं हिच्याकडं होतं.

पुराच्या वेळी सावित्रीचं पाणी बाजारात शिरलं, रस्ते बंद झाले, पुढच्या पाळीची कुणीच येऊ शकली नाही. ही वार्डातच राहिली. ते मी समजू शकतो. पण पूर ओसरला तरी त्या बायांची सवय ओसरली नाही. दोनची पाळी अडीचला, पावणेतीनला यायला लागली. का? तर सुगंधामावशी हाय ना, ती काय जात नाय. कुणाची एसटी चुकली, कुणाला पोराला शाळेतून आणायचं होतं, कुणाच्या घरी पाहुणे. पुष्पा म्हणून एक होती, उमरठकडची. ती पोलादपूरवरून यायची आणि रोज घाटातल्या खड्ड्यांची नवी गोष्ट सांगायची.

मी सुगंधाला म्हटलं, "तू एक दिवस दोनला बाहेर पड. सगळ्या वेळेवर येतील."

ती म्हणाली, "आन् त्या एका दिवशी कुणी खाटेवरनं पडली तर?"

"तर मोठी सिस्टर बघेल."

"तिला कुठं ठावं हाय कोण पडायला झालीय ते."

ती वाईट वागली असती तर मला भांडता आलं असतं.

गेल्या वर्षी एका दुपारी तिच्या छातीत दुखायला लागलं, ते ड्युटीवरच. घाम फुटला, स्टुलावर बसली. बरोबरची मावशी म्हणाली, खाली डॉक्टर बसलेत, चल दाखवू. डॉक्टर एक जिना खाली! पण पुष्पा आली नव्हती. "येऊ दे तिला," म्हणाली. पुष्पा आली तीनला. हिनं तिला एकेका खाटेपाशी नेलं, सगळं सांगितलं, आणि शेवटच्या खाटेपाशी खाली बसली ती उठलीच नाही. मी बाहेर गाडीत हॉर्न वाजवत होतो.

तिला त्याच वार्डात कोपऱ्यातली खाट दिली. डॉक्टर म्हणाले, हार्टचं आहे, वेळेवर आल्या असत्या तर इतकं झालं नसतं. आता पूर्ण आराम. उठायचं नाही, बाथरूमलासुद्धा नाही, भांडं खाटेवरच द्यायचं. मी तिला म्हटलं, ऐकलंस का? तिनं ऑक्सिजनच्या मास्कच्या आतून म्हणून दाखवलं, "उठायचं नाय. भांडं खाटेवर."

दोन दिवस बरे गेले. चेहऱ्यावर रंग आला. खाटेवर पडल्या पडल्या ती वार्ड बघायची. कुणाची सलाईन संपतेय, कुणाचं पांघरूण सरकलंय. मी म्हणायचो, "गप पड गो. आता तू पेशंट हायेस."

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी मला चिठ्ठी दिली, इंजेक्शन बाहेरून आणायचं होतं. मी निघेपर्यंत पाळी बदलायची वेळ झाली. सकाळची मावशी कुणाच्या तरी साखरपुड्याला लवकर गेली होती. सकाळची सिस्टर फोनवर बोलत बोलत निघाली. नवी सिस्टर आली ती औषधांच्या ट्रेला लागली. पुष्पा मधले दिवस रजेवर होती, त्या दिवशी परत आली. आत शिरली आणि सरळ सुगंधाच्या खाटेशी.

"कशी हायेस मावशी? बरं, काय काय हाय आज वार्डात?"

आजारी बाईला विचारतेय! माझ्या हातात चिठ्ठी होती, नाहीतर त्या पोरीच्या कानाखाली वाजवली असती. पण सुगंधाला राग नाही आला. तिला बरंच वाटलं. मास्क खाली ओढून तिनं सुरुवात केली. एक नंबर उपाशी. तीनची सलाईन बघ. पाचवाली रडतेय, तिच्या घरचं कुणी आलं नाय, तिच्याशी बोल जरा. एकेक करून सगळ्या खाटा सांगितल्या. पुष्पा मान हलवत होती.

"आन् तुझं काय?" पुष्पानं विचारलं.

"माझं काय नाय. मी हायच."

रागाच्या भरात मलाही पुष्पाला सांगायचं सुचलं नाही, मी तसाच औषधाच्या दुकानाकडं गेलो. तिथं गर्दी होती.

मागं काय झालं ते मला पुष्पानंच सांगितलं. सुगंधाला लघवीला लागलं. पुष्पा म्हणाली, मावशी, धरून नेऊ का? आणि ही उठली. तिला माहीत होतं. तोंडानं म्हणून दाखवलेलं तिनं. पण पुष्पानं आपलं भांडं उचलावं हे तिला सहन झालं नसतं. आयुष्यभर लोकांची भांडी धुतली, कधी नाक मुरडलं नाही. आपलं भांडं दुसरीनं धुवायचं म्हटल्यावर लाजली. बाथरूमच्या दारातच पडली. मी इंजेक्शन घेऊन आलो तेव्हा खाटेभोवती सगळे जमले होते, आणि डॉक्टरांनी माझ्या हातातली पिशवी काढून बाजूला ठेवली.

मी कुणाला दोष देऊ? साखरपुड्याला गेलेलीला देतो. फोनवाल्या सिस्टरला देतो. पुष्पाला देतो. आणि सुगंधाला सगळ्यात जास्त देतो, ते आपलं भिंतीवरच्या फोटोकडं बघून.

तिच्या जलदानविधीला दवाखान्यातली माणसं आली. मोठे डॉक्टर पुढं बसले, चार शब्द बोलले. "अशी माणसं आता मिळत नाहीत," म्हणाले. मी उठून म्हटलं, "मिळाली होती साहेब. तुम्हाला ठेवता नाय आली." वस्तीतल्या माणसांनी मला खाली बसवलं. जेवण न करताच डॉक्टर गेले. जाऊ दे.

पुष्पा मात्र थांबली. सगळे गेल्यावर ओट्याच्या कडेला येऊन बसली आणि रडायला लागली. "काका, मला कुणी सांगितलंच नाय हो, तिला उठवायचं नाय म्हणून."

"तिथं सांगणारी एकच होती," मी म्हटलं.

ती आणखी रडली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग डोळे पुसून म्हणाली, "आता मी मावशीसारखी करते. खाटेखाटेवर फिरते, सगळं सांगते. पुढची येईपर्यंत हलत नाय. काल साडेतीन वाजले."

तिला वाटलं असेल, म्हातारा खूश होईल. माझ्या अंगाची आग झाली. समोर एक चांगली तरणी बाई, आणि तिलाही आता लोक तसंच वापरणार.

"ऐक गो," मी म्हटलं. "सांगायचं ते सांग, त्यात कसूर करू नको. पण पुढची दोनला आली नाय तर मोठ्या सिस्टरला हात धरून आण, तिला खाटेखाटेचं सांग आणि नीघ. बोलतील ते बोलू दे. तुझ्या छातीत दुखलं तर त्याच पावली जिना उतर. आणि कधी त्या खाटेवर आडवी झालीस, कुणी विचारायला आली, तर पयलं आपलं सांग. मग बाकीच्यांचं."

ती मान हलवत होती. ऐकत होती का नुसतीच रडत होती, मला कळलं नाही. पोलादपूरच्या गाडीची वेळ झाली होती, ती उठून गेली.