बिनइंजिनाचा रस्ता

एकनाथभाऊंनी ट्रक पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा केला आणि मागून एक सायकल खाली उतरवली. पुढचं चाक वाकलेलं, हँडल पिळवटलेलं. सायकल सरकारी होती, आमच्या जिल्हा क्रीडा कार्यालयाची. सरावासाठी मीच ती त्यांच्या मुलाला दिली होती. तो मुलगा, प्रकाश, महिन्यापूर्वी हायवेवर गेला.

"सर, हे घ्या तुमचं सामान," ते म्हणाले. "आन् हिले समजावून सांगा. मी सांगून थकलो."

'ही' म्हणजे मंगला, प्रकाशची धाकटी बहीण. ती केबिनमधून उतरली आणि वडिलांच्या देखतच मला म्हणाली, "सर, मला सायकल सोडायची नाही."

मी तेव्हा सायकलिंगचा कोच होतो. ऐंशीच्या दशकाचा शेवट. जळगाव जिल्ह्यात सायकलिंगला कोच असतो हेच पुष्कळांना माहीत नव्हतं. ओळख करून दिली की लोक विचारायचे, "म्हणजे पंक्चर काढता का?" प्रकाश आणि मंगला रावेरची. भावाच्या नादाने ती सायकलवर आली आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा सरस निघाली. तिचा प्रकार टाइम ट्रायल. यात एकेका खेळाडूला एकटं सोडतात, पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, लढाई फक्त घड्याळाशी. दिवाळीनंतर राज्य स्पर्धा होती. घरात तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. यंदा हुकलं की कायमचं हुकलं, हे तिला माहीत होतं, मलाही आणि तिच्या वडिलांनाही.

प्रकाश सराव संपवून घरी चालला होता. नदीच्या पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर मागून ट्रकने उडवलं. ट्रक थांबला नाही. आणि त्याचे वडील स्वतः ट्रक ड्रायव्हर, रावेरची केळी दिल्लीला पोचवणारे. या माणसाला काय समजावणार? तरी म्हटलं, "भाऊ, आपण पहाटे लवकर जाऊ, मी स्कूटरवर मागे राहीन..."

"सर, मले नका सांगू. मी जल्मभर हायवेवर हाये. रात्रभर गाडी चालवलेल्या ड्रायव्हरले पहाटे सायकलवाला दिसतच नही." मग मंगलाकडे बघून म्हणाले, "जठी एकबी इंजिन नही असा रस्ता दाखवा. मंग पाहू."

असा रस्ता जिल्ह्यात नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच म्हणाले असावेत.

मी शोधायला लागलो. पाटाच्या कडेचा रस्ता पाहिला, तिथे केळीचे ट्रॅक्टर. शेतांमधले बैलगाडीचे गाडरस्ते पाहिले, तिथेही ट्रॅक्टर. शेवटी रावेरच्या उत्तरेला सातपुड्यात शिरणारा वनखात्याचा कच्चा रस्ता सापडला. मुरमाचा, चढाचा, वर खिंडीपर्यंत जाणारा. खाली नाका, नाक्याला कुलूप. त्या भागातली लाकूडतोड थांबलेली, त्यामुळे गाड्यांना बंदी.

ऑफिसात साहेबांना सांगितलं.

"स्पर्धा डांबरी रस्त्यावर आहे ना?" साहेब म्हणाले.

"हो साहेब."

"मग जंगलात सराव कशाला? तिला काय अस्वलाशी शर्यत लावायची आहे?"

"डांबरी रस्त्यावर तिचे वडील सोडत नाहीत."

प्रकाशच्या अंत्यविधीला साहेब आले होते. "वनखात्याला पत्र देतो," एवढंच म्हणाले आणि त्याच दिवशी दिलं.

रेंजर साहेब भला माणूस. नाका उघडायला तयार झाले. फक्त म्हणाले, "माझी हद्द खिंडीपर्यंत. पलीकडची रेंज दुसऱ्या साहेबांची." त्या वाक्यात काय दडलंय ते तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. आम्ही खालचा नाका बघून खूश होतो.

मुरमावर रेसची सायकल चालत नाही. तिचा टायर करंगळीएवढा बारीक आणि हवेने दगडासारखा टणक. मुरमावर तो उड्या मारतो, खड्यावर फाटतो. म्हणून साधी काळी सायकल घेतली. मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड सगळं उतरवलं. जाड टायर घातले आणि हवा मुद्दाम कमी ठेवली. हवा कमी असली की टायर थोडा पसरतो, मुरूम धरून ठेवतो. दम वाढवायला चढ होता, तोल शिकवायला मुरूम. डांबरी रस्त्यावर एवढं फुकटात मिळत नाही.

पहिल्या दिवशी एकनाथभाऊ स्वतः आले. माझी स्कूटरसुद्धा त्यांनी नाक्याबाहेर लावायला लावली. "इंजिन म्हणजे इंजिन," म्हणाले. मीही सायकलनेच वर गेलो. धापा टाकत, पोरीच्या कितीतरी मागे. वर गेल्यावर फक्त तिच्या चेनचा आवाज आणि टायरखाली करकरणारा मुरूम. बाकी सागाची पानं. प्रकाश गेल्यानंतर त्या दिवशी मला पहिल्यांदा बरं वाटलं. तीही वळणावर थांबून म्हणाली, "सर, आठी मागं वळून पाहावं लागत नही." एरवी माझ्याशी ती पुस्तकी मराठीत बोलायची, 'आठी' नाही, 'इथे' म्हणायची.

तिची वेळ सुधारत गेली. एकनाथभाऊ खेपेवर नसले की नाक्यापाशी येऊन झाडाखाली बसायचे. स्थळं बघणं दिवाळीपर्यंत थांबलं, असं मंगलाच्या आईकडून कळलं.

मग तो दिवस आला.

मी वरच्या अवघड वळणावर स्टॉपवॉच घेऊन उभा होतो. मंगला खालून चढत होती. सीटवरून उठलेली, मान खाली, सगळा जोर पॅडलवर. मी सहज वर पाहिलं. वळणातून ट्रक येत होता. बांबूंनी भरलेला. आणि त्याचा आवाजच नव्हता. इंजिनाची घरघर नाही, काही नाही. डोंगराचा एक तुकडा सुटून घरंगळत यावा तसा तो येत होता.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. मंगलाने मान वर केली आणि हँडल सरळ डावीकडे घातलं. सायकलसकट घाणेरीच्या झुडपात गेली. ट्रक तिच्या मागच्या चाकाला घासून पुढे गेला आणि बऱ्याच खाली कठड्याला टेकून थांबला.

हात सोलवटले होते, गुडघा फुटला होता. हाडं शाबूत होती. ती रडली नाही. मीच रडलो, लाज कसली सांगायला.

आवाज ऐकून एकनाथभाऊ खालून धावत चढत आले. आधी पोरीचे हातपाय चाचपून पाहिले. मग ट्रककडे गेले. ड्रायव्हर विशीतला पोरगा, स्टेअरिंग घट्ट धरून बसलेला. मला वाटलं, आता हे त्याला खाली ओढणार. मी मध्ये पडायच्या तयारीने मागोमाग गेलो.

"कुठून आला?"

"पलीकडून, भाऊ. वरचा नाका उघडा व्हता."

"गाडी बंद करून उतरवत व्हता?"

पोरगा हळूच म्हणाला, "मालक सांगते. डिझल वाचते."

हे वाचकांना सांगायला हवं. उतार लागला की बरेच ड्रायव्हर इंजिन बंद करायचे आणि गाडी नुसती सोडून द्यायचे. डिझेल वाचायचं. पण ट्रकच्या ब्रेकला लागणारा जोर इंजिनातूनच येतो. इंजिन बंद असलं की दोन-चारदा ब्रेक दाबेपर्यंत तो जोर संपतो, मग गाडी लवकर थांबत नाही. आणि आवाज नसल्यामुळे पुढच्याला कळतही नाही.

एकनाथभाऊंनी त्या पोराला हातही लावला नाही. बोनेटवर तळवा टेकून उभे राहिले. बोनेटखाली इंजिन बंदच होतं.

"मी बी अशीच उतरवतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "समदेच उतरवता. जल्मभर उतरवली. प्रकाशले बी आवाज आला नसंन, सर."

पुलाकडचा तो उतार मी शंभरदा पाहिलेला. माझ्या मनात हे कधी आलं नव्हतं. आता आलं आणि गेलंच नाही.

सराव संपला असं मी धरून चाललो. दुधाने पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि एकनाथभाऊंना तर दोनदा पोळलं होतं. रेंजर साहेबांना भेटलो. ते म्हणाले, वरच्या रेंजला लिहितो. लिहिलंही. उत्तर यायला किती दिवस लागतात ते सरकारी नोकराला सांगायला नको.

दोन दिवसांनी सामान गोळा करायला म्हणून पहाटे नाक्यावर गेलो. मंगला सायकल घेऊन उभी होती, हाताला पट्ट्या.

"बाबा कुठेत?"

"वर गेले."

"वर? कशाने?"

तिने खिंडीकडे बोट केलं.

सायकल मारत वर गेलो. खिंडीत रस्ता अगदी अरुंद आहे, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. तिथे एकनाथभाऊंचा ट्रक आडवा उभा होता. माणूस वाकून जाईल एवढीच जागा. चाकांना दगड लावलेले. ते टपावर मांडी घालून पलीकडच्या उताराकडे तोंड करून बसले होते.

"भाऊ, हा सरकारी रस्ता आहे. रेंजर साहेब काय म्हणतील?"

"त्याईले सांगून आलो."

"आणि तुमची केळी? माल कधी भरणार?"

"पोरगी खाली उतरली की भरीन. तिले सोडा तुमी, सर. उजाडलं."

रेंजर साहेबांनी डोळेझाक केली. पलीकडून कधी गाडी आली तर ती थांबायची, ड्रायव्हर शिव्या द्यायचा, भाऊ वरून ऐकून घ्यायचे. ते खेपेवर गेलेले असतील त्या दिवशी सराव नाही, हा त्यांचाच नियम. मंगला खाली पोचली की ते ट्रक सुरू करायचे आणि सगळा घाट पहिल्या गिअरमध्ये, इंजिन चालू ठेवून, वळणावळणाला हॉर्न देत उतरायचे. खाली नाक्यावर आम्हाला तो आवाज ऐकू यायचा. तो थांबेपर्यंत मंगला घरी निघायची नाही.

राज्य स्पर्धेत ती तिसरी आली. सोनं नाही, रुपं नाही. पण आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर सायकलिंगचं पहिलं प्रशस्तिपत्र तेच लागलं. पुढे तिचं लग्न झालं आणि त्यानंतर दोन वर्षं ती सासरच्या आडनावाने स्पर्धेत उतरली.

नवे कोच विचारतात, सरावाचा रस्ता कसा निवडायचा? मी सांगतो, चढ बघा, वळणं बघा, मुरूम बघा, रहदारी बघा. आणि सुरक्षित रस्ता असा कुठे तयार मिळत नाही हे लक्षात ठेवा. तो कोणीतरी रोज पहाटे जाऊन अडवून धरावा लागतो.