मागची कॉलर

भोयर भाऊंची आणि माझी ओळख पाठीमागूनच झाली. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली आणि भोपाळहून फायलींबरोबर माणसंही वाटून आली, त्या दिवसांतली गोष्ट. मी ऑफिसातल्या माठाशी वाकून ग्लास भरत होतो, तेवढ्यात कोणीतरी मागून मानेला हात लावला. दचकून वळलो, तर एक भरल्या अंगाचा, अनोळखी माणूस. पांढरा शर्ट, राखी पँट, आणि इस्त्री अशी की माशी बसली तर घसरून पडावी.

"कॉलर उलटी होती तुमची," तो म्हणाला. "आता ठीक आहे."

माझं डोकं सटकलं. "ओळख ना पाळख, आणि तुम्ही सरळ मानेला हात घालता?"

"पुढचं आरसा पाह्यते, साहेब," तो शांतपणे म्हणाला. "मागचं माणसालेच पाहा लागते."

आता सांगा, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? महिन्याभरात तो चौबे कॉलोनीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून आला, आणि 'साहेब'चा मी 'वसंता' झालो. मूळचे ते वर्ध्याकडचे, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठे. बायको मालती भोपाळला शाळेत शिकवत होती आणि मुलगा तिथेच शिकत होता. ऑफिसातली नावं दोन राज्यांत वाटली गेली, तेव्हा यांचं नाव इकडे पडलं. मालतीबाईंची नोकरी मात्र तिकडच्या राज्याची. "सालभराची गोष्ट आहे, वहिनी," असं त्यांनी आल्या दिवशी माझ्या बायकोला, सुनंदाला, सांगितलं होतं. ते साल काही संपलं नाही.

मी त्या काळी कपडे घालत होतो, एवढंच म्हणता येईल. लग्नात आहेर म्हणून आलेलं कापड, ते संपेपर्यंत शिवायचं आणि फाटेपर्यंत घालायचं. भाऊंना ते बघवत नसे. "खांद्याची शिवण हाडावर पाह्यजे, वसंता. तुही दंडावर लोंबून राहिली. कोणाचा शर्ट चोरून आणल्यावानी दिसते." मी म्हणायचो, आम्ही काय सिनेमात काम करतो? तर म्हणायचे, "दहा शर्ट काहून पाह्यजेत? चार ठेव, पण तुह्या मापाचे ठेव. कपडा माणसाच्या मापाचा करा लागते, माणूस कपड्याच्या मापाचा नाही."

शेवटी एकदा ते मला ओढतच पुरानी बस्तीतल्या त्यांच्या शिंप्याकडे घेऊन गेले. मी सवयीने पोट आत ओढून उभा राहिलो. भाऊ शिंप्याला म्हणाले, "भैया, जरा रुको. ये साँस छोड़ेंगे, फिर नाप लेना." दुकानातली सगळी माणसं हसली. पण तो शर्ट घालून घरी आलो, तेव्हा सुनंदा दारात थांबून बघतच राहिली. लग्नाला वीस वर्षं उलटल्यावर बायको थांबून बघते, ही काय लहान गोष्ट आहे का? बूट पुसायलाही त्यांनीच शिकवलं. टाच आधी घासायची. "समोरून तं चोरही चमकते," असं त्यांचं म्हणणं.

सगळ्यात विचित्र त्यांचा रविवार. मी पट्ट्याच्या पायजम्यात जांभया देत असायचो, आणि वर गॅलरीत हा माणूस इस्त्रीचा शर्ट, पट्टा, बूट घालून पेपर वाचत बसलेला. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडचा वारा सुटला की दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसते, म्हणून शर्ट खोलीतच वाळवायचा. एवढं सगळं करून जायचं कुठे, तर कुठेच नाही.

"अहो, मग हा थाट कोणासाठी?" मी एकदा खालून ओरडून विचारलं.

"एकट्या माणसाची पहिले कॉलर जाते, वसंता. मंग जेवण जाते. अन् मंग बोलणं जाते," ते वरून म्हणाले. "मी पहिलीच गोष्ट धरून ठेवली."

मी हसलो. सुनंदा हसली नाही. आत येऊन मला म्हणाली, "हसता काय? त्या माणसाशी सकाळपासून कोणी एक शब्द बोललं नाही." त्या दिवसापासून रविवारचं जेवण ते आमच्याकडे जेवू लागले. तरी वर्षागणिक त्यांचं अंग उतरतच गेलं. शर्ट दरवर्षी नव्या मापाचे होत, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सुरुवातीला ते दर पंधरा दिवसांनी भोपाळला जायचे, मग महिन्याने, मग सणाला. का हो, जात का नाही, असं विचारलं तर एकदाच बोलले. "तिथं मले पाहुण्याच्या कपात चहा येते, बाप्पा. नक्षीचा कप, बशीसंग. बाकी घर गिलासात पिते."

मग त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं. मी आणि सुनंदा भोपाळला गेलो. नवरदेवाचा बाप म्हणजे भाऊंचा हक्काचा दिवस. काय घालतात बघू, म्हणून मी उत्सुक होतो. आणि भाऊ मांडवात आले ते बंद गळ्याचा एक काळा कोट घालून, जो त्यांच्या अंगावर गोणपाटासारखा लोंबत होता. खांदे दंडावर. बाह्या बोटांवर. छातीपाशी आणखी अर्धा माणूस मावेल एवढी जागा. शिंप्याकडे एक शर्ट तीनतीनदा परत पाठवणारा हा माणूस! मी त्यांना बाजूला घेतलं.

"भाऊ, हा काय अवतार?"

"चूप राय," ते म्हणाले. "मालतीनं शिवून घेतला. मले सांगितलं नाही, चकित कराचं होतं तिले. कपाटात माहा जुना कोट होता, तोच शिंप्याले मापाले देला." मग लोंबत्या बाह्या वर सरकवत म्हणाले, "तिच्या ध्यानात मी अजून तेवढाच आहो."

दिवसभर तो कोट त्यांनी अंगावरून काढला नाही. फोटोत आहेत तसेच, मालतीबाईंच्या शेजारी, हसत. त्या पाहुण्यांच्या गडबडीत होत्या. त्यांनी भाऊंकडे धड एकदा तरी पाहिलं असेल का, देव जाणे. मला त्यांचा राग आला. मग त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. एकटीने मुलगा वाढवला होता त्या बाईने. राग कोणावर काढायचा तेच कळेना.

रायपूरला आल्यावर मी म्हणालो, चला, कोट कमी करून घेऊ. भाऊंनी मान हलवली. "कोट कमी कराचा नाही. मीच भरतो." मला वाटलं थट्टा आहे. कसली थट्टा! निवृत्तीला वर्ष राहिलं होतं आणि त्यानंतर कायमचं भोपाळला जायचं होतं. त्या घरात आपल्याला जागा उरली आहे की नाही, ही एकच भीती त्यांच्या पोटात होती, आणि तिच्यावर उपाय म्हणून हा माणूस डिंकाचे लाडू खात सुटला. सुनंदा डबे भरून वर पाठवायची. दर रविवारी कोट घालून खाली यायचे. "वहिनी, भरला का?" ती म्हणायची, "हव, थोडा भरला." कोट होता तसाच होता. माणसाने कपड्याच्या मापाचं व्हायचं, हे त्यांच्या सगळ्या शिकवणीच्या उलट होतं, पण ते त्यांना ऐकवायची माझी छाती झाली नाही.

जायचा दिवस थंडीतला. सामान रिक्षात चढलं आणि भाऊ कोट घालून खाली आले. सुनंदाने पाहिलं, सेफ्टी पिनांचं पुडकं आणलं, त्यांना पाठमोरं उभं केलं आणि कोटाचा सगळा ढिलेपणा पाठीवर गोळा करून पिना टोचल्या. समोरून कोट बेतल्यासारखा बसला.

"आता दिसते ना बरोबर?" त्यांनी मला विचारलं.

"एकदम."

"मंग झालं. घरी पाठ कोण पाह्यते?"

स्टेशनवर गाडी हलली तेव्हा ते दारात उभे होते. मग डब्यात वळले आणि ती पिनांची रांग मला दिसली. घरी आलो तर वरच्या खोलीत खिळ्यांवर नुसते हँगर. मला रडू आवरलं नाही, खोटं कशाला बोलू?

चार दिवसांनी फोन आला. भाऊंचा. "वसंता, दारातून आत गेलो अन् मालती मांगून म्हणते, थांबा, ह्या पिना कोणी लावल्या?" मग म्हणाले, "पाठ पाह्यली रे तिनं. तिथंच उभं करून एकेक पिन काढली. रडून राहिली होती. मंग स्वतः टेप आणून माप घेतलं. आता चहा गिलासात येते."

सुनंदा तेव्हा माझ्या शेजारी उभी राहून फोनला कान लावून ऐकत होती. आता ती नाही. आमची मुलगी दूर असते, फोनवर हिंदीत बोलते, मी मराठीत उत्तर देतो. रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालतो, बुटाची टाच आधी घासतो आणि गॅलरीत पेपर घेऊन बसतो. दहाच्या सुमारास भोपाळहून भाऊंचा फोन येतो. इकडचं तिकडचं होतं, मग ठेवण्याआधी ते न चुकता विचारतात, "मागची कॉलर ठीक आहे ना, वसंता?"

"ठीक आहे, भाऊ," मी म्हणतो. फोन ठेवतो आणि हात मागे नेऊन चाचपून बघतो.